उकिरड्याचा सातबारा

आई पहिल्यांदा महिनाभर राहायला म्हणून पुण्याला आली, तेव्हा मी तिला लिफ्ट दाखवली, गिझर दाखवला आणि शेवटी, जरा घसा खाकरून, कचऱ्याचे डबे दाखवले. हा हिरवा, यात ओला कचरा. हा निळा, यात सुका. हे जो पाळत नाही त्याचं नाव आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागतं, आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीच्याही वर लागतं, हेही सांगितलं. आईने दोन्ही झाकणं उघडून आत बघितलं. म्हणाली, "ओला आन् कोरडा. दुष्काळावानीच की."

बीड जिल्ह्यातल्या माणसाला वर्गीकरण शिकवायला जाऊ नये. कोरडा पडला तर टँकर, ओला पडला तर पंचनामा, एवढं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. दोन्ही डबे आम्ही आलटून पालटून भरलेले आहेत. केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम निघाले ८ एप्रिल २०१६ रोजी: घरातच कचरा तीन भागांत वेगळा करा, ओला, सुका आणि घातक. बरोबर चार दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाणी भरून निघालेली रेल्वे आमच्या शेजारच्या लातूरला पोचली. दिल्लीने ओला डबा सक्तीचा केला त्या आठवड्यात आमच्याकडे ओलं म्हणावं असं काही शिल्लकच नव्हतं. भांडी राखेने घासत होतो आणि विसळलेलं पाणी म्हशीपुढे ठेवत होतो. मग सप्टेंबर २०२५मध्ये गोदावरी गेवराईकडच्या काठच्या गावांत शिरली आणि सुका डबाही ओला झाला. वर्गीकरण संपलं, पंचनामे सुरू झाले.

तलवाडा हे गेवराई तालुक्यातलं आमचं गाव. ओळख सांगायची तर त्वरिता देवीची. टेकडीवर देऊळ आहे, नवरात्रात गर्दी लोटते. नावातच त्वरा असलेली देवी लाभल्यामुळे सरकारी अंमलबजावणीचा वेग आम्हाला इतरांपेक्षा जरा जास्तच जाणवतो. पण २०१६चे ते नियम मुळात शहरांसाठी होते. खेड्याला त्यातून जवळजवळ वगळलं होतं, आणि त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. खेड्यात कचरा नव्हता. उकिरडा होता.

या दोहोंतला फरक शहरातल्या माणसाला समजावणं कठीण आहे. 'उकिरडा' म्हटलं की तो नाकाला रुमाल लावतो. आमचा उकिरडा वाड्याच्या मागे, गोठ्याला लागून होता. त्यात शेण जायचं, गोठ्यातला केर जायचा, बैलांनी पुढ्यात खाऊन टाकलेली चघाळ जायची, चुलीतली राख, शेंगांची टरफलं, मेथीच्या काड्या. खाण्याजोगं काही त्यात जाणं मात्र शक्य नव्हतं, कारण मधे तपासणी नाकी फार होती. सकाळची भाकरी संध्याकाळी उरली तर दुसऱ्या दिवशी तिचे कुटके व्हायचे, फोडणी देऊन. कुटके उरले तर कुत्र्याला. भाताची शितं, ताटातलं खरकटं, पिठाचं धोवण, हे सगळं कोंडा घालून म्हशीच्या घमेल्यात. म्हशीने नाक मुरडलेलं कोंबड्यांना. कोंबड्यांनी टाकलेलं उकिरड्यात, आणि तेही कोंबड्या दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा तपासायच्या, काही राहिलं का म्हणून. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हाच क्रम एका उलट्या त्रिकोणात काढून ठेवला होता. आधी मुळात कमी वाया घालवा, मग माणसाला द्या, मग जनावराला, मग खत करा, आणि अगदीच इलाज नसेल तर पुरा. मी तो त्रिकोण आईला मोबाइलवर दाखवला. तिने तो बराच वेळ न्याहाळला. तिची हरकत एकच होती. "ह्यात कोंबडी कुठंय?"

थंडीच्या दिवसांत पहाटे उकिरड्यातून वाफ निघायची. आम्ही पोरं हात शेकायला तिथेच जायचो. वरून थंडगार, पण काठी घालून जरा उकरलं की आत हात ठेववत नसे. उन्हाळ्यात खत शेतात जायचं, बैलगाडीने. मृगाच्या आधी सगळं रान खताच्या ढिगांनी काळं ठिपक्याठिपक्यांचं दिसायचं. आजीचं एक जोडवं हरवलं होतं. दोन वर्षांनी ते नदीकडच्या तुकड्यात, कापसाच्या ओळीत सापडलं. केरातून उकिरड्यात, उकिरड्यातून गाडीत, गाडीतून रानात असा त्याचा प्रवास झाला होता. आजीला त्याचं काही नवल वाटलं नाही. घरातली वस्तू घरातच सापडली, असं तिचं मत.

वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा वाड्याची भिंत एका बैठकीत वाटली गेली, विहिरीची पाळी दुसऱ्या बैठकीत ठरली. उकिरड्याला तीन बैठका लागल्या. जागा थोरल्याची, पण त्यावर साठलेलं दोघांचं. पंचांनी शेवटी गाड्या मोजून द्यायचं ठरवलं. त्या दिवशी चुलते सकाळपासून लिंबाखाली बसून मोजत होते आणि आमची गाडी शिगोशीग भरली जाते, त्यांची मात्र काठोकाठच, असा त्यांचा वहीम होता. तो वहीम अजून गेलेला नाही. सातबाऱ्यावर उकिरड्याची नोंद नसते, हे तलाठ्याने किती वेळा सांगितलं तरी आमच्या भावकीला ती सरकारची चूक वाटते.

दुसऱ्याच्या मेंढ्या आपल्या रानात रात्रभर बसाव्यात म्हणून धनगराला ज्वारी मोजून द्यायची पद्धत होती. वर त्याच्या कुत्र्यांना भाकरी. घाण आपल्या दारात यावी म्हणून पदरचं धान्य देणारी माणसं जिथे होती, तिथे कचऱ्यासाठी नियम कोण आणि कशाला करणार? शहराचा सगळा घोळ मला इथे दिसतो. शहरात डबे आहेत, गाड्या आहेत, गाडीवरचं गाणं आहे, दंड आहे. पण त्या डब्यातल्या मालासाठी तिसऱ्या बैठकीपर्यंत भांडणारा चुलता नाही.

आता आमची सोसायटी. नियमाच्या भाषेत दिवसाला शंभर किलो कचरा करणारा तो 'मोठा कचरा उत्पादक'. हे शब्द सेक्रेटरींनी सभेत वाचून दाखवले तेव्हा दोन-तीन सभासदांची छाती जरा फुगली. उत्पादक म्हणवून घ्यायचा योग नोकरदार माणसाच्या आयुष्यात फारसा येत नाही. अशा उत्पादकाने आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा असतो. त्यासाठी आमच्याकडे आधी गांडूळखताचे चार हौद होते. पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं अशा गोष्टींना मिळकतकरात सवलत देते, एकाला पाच टक्के, जास्त असतील तर दहा. गांडुळं पहिल्या पावसात कुंपणापलीकडे निघून गेली. सवलतीची कुणकुण मात्र त्यांना नव्हती, त्यामुळे ती मागे राहिली. हौदांत माळीकाका आता नळीची वेटोळी ठेवतात.

मग मशीन आलं. खरं यंत्र, हिरव्या रंगाचं, पत्र्याच्या शेडमध्ये, दोन बटणं आणि एक लाल दिवा. त्यात कचरा टाकायचा, लाकडाचा भुसा टाकायचा, पुडीतलं जिवाणूंचं चूर्ण टाकायचं आणि पंधरा दिवसांत खत. उद्घाटनाला नारळ फोडला. नारळ फोडणारे आमचे अध्यक्ष उत्साही गृहस्थ. "हाही ओलाच की," म्हणत त्यांनी करवंटीचे दोन्ही तुकडे पहिला मान म्हणून यंत्रातच टाकले. यंत्र 'खर्रर्र' म्हणालं, 'खट्' म्हणालं आणि थांबलं. दुरुस्तीवाला आला आठवड्याने. तेव्हापासून मशीनबद्दल विचारलं की सेक्रेटरी म्हणतात, "प्रक्रिया चालू आहे." या वाक्याला गेली चार वर्षं कुणालाही खोटं ठरवता आलेलं नाही, कारण शेडला कुलूप आहे.

मशीनचं जे व्हायचं ते होवो, पण रोजचा कचरा कुठे जातो हे आईला दोनच दिवसांत कळलं. तो ताईंच्या ढकलगाडीत जातो. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बायका आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३मध्ये उभी राहिली, तिच्यातून २००८मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. आम्ही इंजिनिअर, सीए, प्राध्यापक मंडळी जे एकत्र कालवतो ते या बायका हातांनी पुन्हा वेगळं करतात. ताईंची बोली ऐकून आईचे कान टवकारले. "कुठली गं तू?" निघालं असं की ताईंचं घराणं बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आलेलं. पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्यांत अशी घरं पुष्कळ. म्हणजे आमच्या कोरड्या दुष्काळाने पुण्याला त्याचा ओला कचरा उचलणारी माणसं पुरवली. त्या दिवसापासून आई आणि ताई जिन्यापाशी रोज पंधरा मिनिटं बोलत बसू लागल्या आणि आमच्या मजल्याचा कचरा सगळ्या इमारतीत शेवटी उचलला जाऊ लागला.

आईने ठरवलं की मशीनच्या नादी लागण्यात अर्थ नाही, मागच्या कोपऱ्यात एक लहानसा उकिरडा घालावा. तिच्या मते त्यात अवघड काही नव्हतं, फक्त शेण पाहिजे होतं. "शेणाबिगर पेटत नाय तो." मी शेण शोधू लागलो. पुण्यात गोवऱ्या मिळतात, पाकिटात, सहाच्या संचात, ऑनलाइन. मी किंमत सांगितली तेव्हा आई खाली बसली. गावाकडे आयुष्यभर थापलेल्या गोवऱ्यांचा हिशेब तिच्या डोळ्यांपुढून गेला असावा. शेवटी शहराबाहेरच्या एका गोठ्यातून मी दोन बादल्या शेण स्कूटरच्या पायाशी ठेवून आणलं. गेटवर वॉचमनने अडवलं. त्याच्या मोबाइलमध्ये आत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद करावी लागते: पाहुणे, टॅक्सी, जेवणाची डिलिव्हरी, दुरुस्ती, इतर.

"साहेब, हे कशात टाकू?"

"इतरमध्ये टाक."

"इतरला बी-विंगची परवानगी लागते."

त्याने विचार केला आणि 'जेवणाची डिलिव्हरी' दाबलं. जमिनीच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच होतं.

उकिरडा तीन आठवडे चालला. पहिल्या आठवड्यात माशा आल्या, दुसऱ्या आठवड्यात घुशी, तिसऱ्या आठवड्यात बी-विंगची तक्रार. तिच्यात 'दुर्गंधी' हा शब्द सात वेळा आणि 'मूल्य' हा शब्द दोनदा होता, फ्लॅटच्या अर्थाने. मी आईची बाजू मांडायला निघालो तर आई स्वतःच म्हणाली, राहू दे. "जनावराबिगर उकिरडा म्हंजी नुसती घाण. आन् मालकाबिगर तर इचारूच नको." गावरान शहाणपणाने मशीनवर मात केली, असं इथे लिहिता आलं असतं तर हा लेख जास्त गोड झाला असता. तसं काही झालं नाही. आईचा उकिरडा आणि सोसायटीचं मशीन एकाच कोपऱ्यात, दोन हातांच्या अंतरावर बंद पडले.

आई परत गेल्यावर मामेबहिणीचं लग्न निघालं, तलवाड्यातच. तेव्हा मी नियमांचा चांगला अभ्यास केलेला होता, आणि अभ्यास केलेला माणूस लग्नघरी फार वाईट. २०१६च्या नियमांत एक कलम होतं. परवाना नसलेल्या जागी शंभरापेक्षा जास्त माणसं जमवायची असतील तर कामाचे तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा. मी मामाला म्हटलं, शहरात असतास तर असं करावं लागलं असतं. मामा म्हणाला, "शंभर?" मी म्हटलं, शंभर. तो विचारात पडला. आमच्याकडे शंभर माणूस सुपारी फुटायलाच येतो. नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचायला त्याहून जास्त लागतात, आणि ती मोजणीत नसतात कारण ती जेवायला वेगळ्या वेळी येतात. "शंभराच्या आत लगीन लावायचं म्हंजी पळून जाऊन," मामाने निकाल दिला.

पूर्वी पंगत असायची. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, द्रोण, वाढपी. पंगतीत काही वाया जात नसे असं म्हणायची पद्धत आहे, पण ते खरं नाही. आग्रह नावाचा प्रकार होता. "माझ्या हातची एक," म्हणून ताटात पडलेली बुंदी किती जणांनी पत्रावळीखाली दडवली असेल याला हिशेब नाही. फरक एवढाच की बुंदीसकट पत्रावळ उकिरड्यात गेली तरी वर्षभरात दोघींचं खत व्हायचं. आता बुफे. ताट चकचकीत कागदी, आतून प्लॅस्टिकचा हात फिरवलेलं. पाणी लहान बाटलीतलं, दोन घोट पिऊन खुर्चीखाली. ते ताट उकिरड्यात टाकलं तर पुढच्या पिढीच्या वाटणीतही तसंच निघेल.

लग्न लागलं, माणसं पांगली, आणि दुपारी चारला काहिलीत भात उरला तो अर्धा. वांग्याची भाजी दोन पातेली, बुंदीचं एक घमेलं. बुंदीची काळजी नव्हती, तिला पाय असतात. भाताचं काय? मामाने एक हाळी दिली आणि पुढच्या पाऊण तासात मी जे पाहिलं त्याला पुस्तकी भाषेत अन्न पुनर्प्राप्ती म्हणतात. गल्लीतल्या बाया पातेली घेऊन आल्या. मंडपवाल्याच्या पोरांनी डबे भरले. वस्तीवर दोन बादल्या गेल्या. भावकीचे वाटे घरपोच गेले, आणि ज्याच्याकडे आधी पोचायला हवा होता त्याच्याकडे नंतर पोचला म्हणून एक घर अजून बोलत नाही. उरलेला भात एका भाच्याने प्रेमाने म्हशीपुढे ओतला. इथे गडबड झाली. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम एवढा भात गेला की तो आंबतो, पोट फुगतं, कधी जनावर दगावतंही. लग्नसराईत गुरांच्या डॉक्टरांना अशा 'वऱ्हाडी' म्हशींचे फोन नेहमीचे असतात. मामाची म्हैस वाचली. पण मुलीच्या पाठवणीला मामा रडत होता तो नक्की कुणासाठी, हे मला सांगता येणार नाही.

या शिल्लक अन्नाचेही नियम आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९मध्ये ते केले. वाटायच्या अन्नावर पदार्थाचं नाव, तो कुठून आला, कधी शिजवला, शाकाहारी की मांसाहारी, हे सगळं लिहिलेलं पाहिजे. मी मनातल्या मनात काहिलीला चिठ्ठी लावून पाहिली. नाव: भात. कुठून आला: आचाऱ्याकडून, आचारी निघून गेला. कधी शिजवला: नवरदेव येणार होता तेव्हा, तो तीन तास उशिरा आला. या नियमांचं पालन १ जुलै २०२०पासून व्हायचं होतं. त्या महिन्यात महाराष्ट्रात लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. उरलेल्या अन्नाचा कायदा अंमलात यायला असा मुहूर्त काढणारा गुरुजी कोण होता, त्याला भेटायचं आहे.

तरी नियमाची चेष्टा करताना जपून करावी, कारण उन्हाळ्यात चार तास झाकून ठेवलेला भात चेष्टा करत नाही. यातून मार्ग काढणारी माणसं आमच्या बाजूलाच आहेत. तेव्हाच्या औरंगाबादेत, बायजीपुऱ्यात, डिसेंबर २०१५मध्ये युसुफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. घरातून पोळ्या आणि भाजी आणून जमा करायची, ज्याला गरज आहे त्याने काढून न्यायची. व्याज नाही, जामीनदार नाही. आमच्या जिल्ह्यात पीककर्जाला हेलपाटे घातलेल्या माणसाला या बँकेचं किती अप्रूप वाटलं असेल!

त्याच शहराने २०१८च्या फेब्रुवारीत दुसरं टोकही दाखवलं. वर्षानुवर्षं शहराचा कचरा ज्यांच्या उशाशी पडत होता त्या नारेगावकरांनी गाड्या अडवल्या. शहरात ढीग लागले, आणि 'कचराकोंडी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. कचऱ्याच्या गाड्या पोलीस बंदोबस्तात जागा शोधत हिंडू लागल्या. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. आमच्याकडे गाड्या अडवायची परंपरा जुनी आहे, पण ती उसाच्या, भाव मिळावा म्हणून. भाजीच्या देठांच्या गाडीला बंदोबस्त पहिल्यांदा पाहिला. ज्या मालासाठी चुलते लिंबाखाली बसून गाड्या मोजत होते, तोच माल गावकऱ्यांनी दगड घेऊन परतवला. कारण सरळ आहे. तो त्यांचा नव्हता, आणि तो शेणाचाही नव्हता.

कॅलिफोर्नियातल्या भाच्याला मी हे फोनवर सांगत होतो तेव्हा तो म्हणाला, मामा, इथेही तेच चाललंय. तिथे २०१६चाच कायदा आहे, १ जानेवारी २०२२पासून लागू. कचराभूमीत सडलेल्या अन्नातून मिथेन निघतो म्हणून प्रत्येक घराने खरकटं वेगळ्या डब्यात टाकायचं. मोठ्या दुकानांनी खाण्याजोगं अन्न फेकायचं नाही, वाटायचं. माणसं येऊन डब्यांची झाकणं उचलून बघतात. भाच्याच्या डब्याला एकदा चिठ्ठी लागली, कारण कढीपत्ता प्लॅस्टिकच्या पिशवीसकट गेला होता. पण त्या कायद्यातलं एक कलम मला फार आवडलं. शहराने नुसता कचरा गोळा करून भागत नाही. माणशी वर्षाला सत्तर-बहात्तर किलो ओल्या कचऱ्यापासून झालेला माल, खत म्हणा, गॅस म्हणा, शहरालाच परत घ्यावा लागतो. म्हणजे त्यांनी कायदा करून चुलता नेमला.

आपल्याकडेही प्रयत्न झाला. महाराष्ट्रात शहरांच्या खताला 'हरित महासिटी कंपोस्ट' असं नाव मिळालं. केंद्राने २०१६मध्ये शहरी खताला टनाला दीड हजार रुपये साहाय्य जाहीर केलं. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो कडू हसला. त्याने एकदा कुठल्याशा शहराच्या कचऱ्याची एक ट्रॉली फुकट मिळते म्हणून रानात पसरली होती. पहिला पाऊस पडला आणि कापसाच्या आधी शाम्पूच्या पुड्या वर आल्या. मग कंगवे, पेनांची टोपणं, एका बाहुलीचा हात. "बी न पेरता उगवलं," मामा म्हणाला, "आन् तणनाशकानंबी मरंना."

खरं तर खताची विद्या आपल्याला परक्याने शिकवावी अशी नव्हतीच. सर अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४मध्ये इंदूरला, होळकरांच्या मुलखात येऊन बसला. शेतकऱ्यांचं बघून, मोजून, थर लावून त्याने जी रीत बसवली तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. त्याच इंदुरात २०२२मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणारा प्रकल्प सुरू झाला. स्वच्छतेत पहिला नंबर तर ते शहर सोडायलाच तयार नाही. आणि आपल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच असं विटांचं टाकं, भिंतींना हवेसाठी भोकं, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. शेण थोडं, खत भरपूर. त्यांच्या नावाची आद्याक्षरं जोडून 'नाडेप' झालं. आमच्या भागात अजून अनेकांना ती एखादी सरकारी योजना वाटते आणि तिचं अनुदान कधी येणार अशी विचारणा होते.

आता आमचाच उकिरडा राहिलेला नाही. २०१९च्या दुष्काळात जनावरं छावणीवर गेली, त्यातली दोनच परत आली, मग तीही विकली. शेण थांबलं तसा उकिरडा आधी बसला, मग त्यात पिशव्या दिसू लागल्या, मग लोक त्याला 'कचरा' म्हणू लागले. चुलतभावाने ती जागा सपाट करून तिथे पत्र्याचा गाळा काढला. मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाईक बरं आहे. जागा थोरल्याची, पण भाडं दोघांचं, अशी बोलणी चालू आहेत. दोन बैठका झाल्या.

१ एप्रिल २०२६पासून देशात नवे नियम आले. आता चार डबे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. शेवटच्यात जुनी औषधं, बल्ब, रंगाचे डबे वगैरे. आईला फोनवर समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "इशेष काळजीचा डबा कचऱ्याला. बरं हाय बाबा त्याचं."

त्याआधीच्या दिवाळीत ती पुण्याला आली होती. आमच्याकडे दिवाळीत उकिरड्यावर पणती लावतात. लक्ष्मी जिथून येते तिथेही उजेड पाहिजे, असा त्यातला हिशेब असावा. पण गावी उकिरड्याच्या जागी मोबाइलच्या दुकानाची लाल-निळी माळ लागलेली, तिथे पणती कुठे ठेवणार? धनत्रयोदशीला संध्याकाळी आईने ताटात पाच पणत्या घेतल्या. एक दाराशी, एक तुळशीपाशी, एक बाल्कनीत, एक पाण्याच्या टाकीजवळ. पाचवी घेऊन ती पदराचा आडोसा करत लिफ्टने खाली गेली. मी मागोमाग. मागच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडपाशी, तिने दाराच्या फटीतून हात घालून मशीनच्या पायथ्याशी पणती ठेवली आणि हात जोडले. तेवढ्यात सेक्रेटरी धावत आले.

"काकू, अहो काकू! इथे दिवा नका ठेवू. मशीन आहे, प्रक्रिया चालू आहे, शॉर्टसर्किट झालं तर?"

"काय हुत नाय," आई वात पुढे सारत म्हणाली. "वायर उंदरानं मागंच कुरतडलीय. मी आले हुते ना, तव्हाच."